समांतर रेषा : जे सिद्ध होतं आणि जे मानावं लागतं

मागच्या व्याख्यानात आपण व्याप्तीची चर्चा केली होती. धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं म्हणता येतं, पण अग्नी दिसला की धूर असेलच असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. हे उदाहरण आपल्या नैयायिकांचं, फार जुनं. त्यावर काही श्रोत्यांनी विचारलं होतं की हे सगळं तर्कशास्त्राच्या वर्गाबाहेर कुठे भेटतं का. भेटतं. नववीच्या भूमितीत 'समांतर रेषा' नावाचं प्रकरण असतं, तिथे भेटतं. आणि तिथे ते इतकं चिवट निघालं की त्याचा उलगडा व्हायला दोन हजार वर्षं लागली. आज आपण तेच प्रकरण उघडणार आहोत. गणिताची धास्ती असणाऱ्यांनी उठून जाऊ नये. एक कागद, एक पेन्सिल आणि जमल्यास एक टाचणी, एवढं सामान पुरे.

कागदावर साधारण आडव्या अशा दोन रेषा काढा, एक वर, एक खाली. अगदी समांतर दिसल्या पाहिजेत असा आग्रह नाही. आता दोघींना कापत जाणारी एक तिरकी रेषा काढा. ही छेदिका. ती वरच्या रेषेला जिथे छेदते तिथे चार कोन झाले, खालच्या रेषेपाशी आणखी चार. एकूण ८. मुलं या आठांच्या आकड्यालाच बिचकतात, पण त्यात फारसं काही नाही. वरच्या चारांपैकी एक कळला की उरलेले तीन कळतातच, कारण समोरासमोरचे विरुद्ध कोन सारखे असतात आणि शेजारशेजारचे मिळून १८० अंश होतात. वरचा एक ६५ अंशांचा असेल, तर तिथे ६५, ११५, ६५, ११५ असे चार कोन असणार. खालीही तोच हिशेब. म्हणजे आठ कोनांच्या मागे खरी माहिती दोनच आकड्यांची आहे, एक वरचा आणि एक खालचा. या प्रकरणात जे काही आहे ते या दोन आकड्यांच्या नात्याबद्दल आहे.

नावं आपण चटकन उरकून घेऊ. दोन्ही छेदनबिंदूंपाशी एकसारख्या जागी बसलेले, म्हणजे छेदिकेच्या एकाच बाजूला आणि दोन्ही आपापल्या रेषेच्या वर किंवा दोन्ही खाली, ते संगत कोन. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात, पण छेदिकेच्या दोन वेगळ्या बाजूंना असलेले, ते व्युत्क्रम कोन; इंग्रजी झेड अक्षराच्या दोन खाचांत बसतात ते. आणि त्याच पट्ट्यात छेदिकेच्या एकाच बाजूला असलेले ते आंतरकोन. संगत कोन समान असणं, व्युत्क्रम कोन समान असणं आणि एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज १८० असणं, या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत. एक खरी असली की उरलेल्या दोन आपोआप खऱ्या होतात. म्हणून आज आपण फक्त व्युत्क्रम कोनांबद्दलच बोलू.

आता दोन वाक्यं लिहून घ्या. पहिलं : व्युत्क्रम कोन समान असतील, तर त्या रेषा समांतर असतात. दुसरं : रेषा समांतर असतील, तर व्युत्क्रम कोन समान असतात. पहिल्याला आपण कसोटी म्हणतो, दुसऱ्याला गुणधर्म. भूमितीच्या वहीत 'पक्ष' आणि 'साध्य' असे दोन शब्द आपण लिहीत आलो. तेही न्यायशास्त्रातलेच, अर्थ जरा बदलून इथे आलेले. तर पहिल्या वाक्यातला पक्ष हा दुसऱ्याचं साध्य आहे, आणि पहिल्याचं साध्य हा दुसऱ्याचा पक्ष. ही वाक्यं एकमेकांचे व्यत्यास आहेत. मुलं दोन्ही पाठ करतात, आणि कारण लिहायची वेळ आली की 'व्युत्क्रम कोन' एवढं लिहून मोकळी होतात. तपासणारेही गुण देऊन टाकतात. कुठल्या दिशेनं गेलात, धुराकडून अग्नीकडे की अग्नीकडून धुराकडे, हे कुणी विचारत नाही.

आणि इथे तेच विचारायला हवं. ही दोन वाक्यं दिसायला जुळी असली तरी त्यांचं कूळ वेगळं आहे. पहिलं वाक्य कमावलेलं आहे, दुसरं उसनं घेतलेलं. हे कसं, ते पाहू.

त्याआधी समांतर म्हणजे काय? कुणालाही विचारा, उत्तर येतं, ज्यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखं असतं त्या. रेल्वेचे रूळ, वहीतल्या रेघा. आपला शब्दच तसा आहे, सम आणि अंतर. युक्लिडची व्याख्या मात्र अशी नाही. इसवीसनापूर्वी ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात त्यानं 'एलिमेंट्स' हा ग्रंथ रचला. त्यातल्या व्याख्येत अंतराबद्दल अवाक्षर नाही. एका प्रतलात असलेल्या आणि दोन्ही दिशांना कितीही वाढवल्या तरी एकमेकींना न मिळणाऱ्या रेषा त्या समांतर, एवढंच तो म्हणतो. ग्रीक शब्दाचा अर्थही 'एकमेकींच्या बाजूनं' इतकाच आहे. आपला शब्द आणि त्याची व्याख्या यांतला हा फरक क्षुल्लक वाटेल, पण तो ध्यानात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

न मिळणाऱ्या, हे म्हणायला सोपं. पण तपासायचं कसं? कागद संपतो, रेषा संपत नाही. गावाच्या शिवेपर्यंत जाऊन पाहिलं आणि मिळाल्या नाहीत, तरी पुढच्या कोसावर मिळणार नाहीत कशावरून? 'कधीच नाही' असं सांगणाऱ्या कुठल्याही विधानाची हीच अडचण असते. कसोटीचं मोल इथे कळतं. ती म्हणते, कुठेही जाऊ नका, इथल्या इथे दोन कोन बघा. ते समान असले तर या रेषा अनंत अंतरावरसुद्धा मिळणार नाहीत, याची हमी मी देते. ही हमी तिला कुठून मिळाली?

आकृतीतले व्युत्क्रम कोन समान आहेत असं धरा. छेदिकेचा जो तुकडा दोन रेषांच्या मध्ये आहे, त्याच्या बरोबर मध्यबिंदूवर टाचणी टोचा आणि कागद तिच्याभोवती अर्धा फेरा, म्हणजे १८० अंशांतून, फिरवा. छेदिका स्वतःच्याच जागी आली. वरचा छेदनबिंदू खालच्याच्या जागी गेला, खालचा वरच्याच्या. आणि व्युत्क्रम कोन समान असल्यामुळे वरची रेषा खालचीच्या जागेवर तंतोतंत बसली, खालची वरचीच्या. फिरवण्याआधीची आकृती आणि नंतरची आकृती यांत काही फरक सांगता येणार नाही. आता समजा, या रेषा उजवीकडे कुठेतरी, अगदी शंभर कोसांवर का होईना, मिळतात. फिरवल्यावर तो मिळण्याचा बिंदू डावीकडे जाईल. पण आकृती तर तीच आहे! म्हणजे त्या डावीकडेही मिळतात. दोन वेगळ्या सरळ रेषा दोन ठिकाणी मिळाल्या. हे तर होत नाही, कारण दोन बिंदूंमधून एकच सरळ रेषा जाते. तेव्हा त्या उजवीकडेही मिळत नाहीत आणि डावीकडेही नाहीत. झाली सिद्धता. युक्लिड स्वतः थोड्या वेगळ्या वाटेनं जातो, त्रिकोणाचा बाह्यकोन वगैरे घेऊन. पण पहिल्या पुस्तकाच्या २७व्या विधानात तो इथेच पोहोचतो.

कंपासपेटीतला गुण्या पट्टीला टेकवून सरकवत सरकवत आपण समांतर रेषा काढतो ना, तिथे आपण हीच कसोटी वापरत असतो. पट्टी ही छेदिका, आणि सरकणारा गुण्या संगत कोन बदलू देत नाही. सुताराचंही तेच. फळीच्या कडेला काटकोनी गुण्या लावून तो दोन खुणा मारतो, आणि त्या समांतर आहेत याविषयी त्याच्या मनात शंका नसते. ती नसावीच, कारण हमी पक्की आहे.

आता उलट बाजूनं या. या वेळी पक्ष असा की दोन रेषा कधीच मिळत नाहीत. साध्य असं की व्युत्क्रम कोन समान आहेत. समजा ते समान नाहीत. वरचा ६५ अंश आहे आणि खालचा ६४. मग वरच्याच छेदनबिंदूतून आपण दुसरी एक रेषा काढू, जिचा कोन बरोबर ६४ अंश असेल. कसोटी सांगते की ही नवी रेषा खालच्या रेषेला कधी मिळणार नाही. जुनीही मिळत नाही, हे तर आपण धरलंच आहे. म्हणजे एकाच बिंदूतून दोन वेगळ्या रेषा निघाल्या, एक अंशाचा फरक ठेवून, आणि दोघीही खालच्या रेषेला टाळत अनंतापर्यंत गेल्या. विचित्र आहे, यात शंका नाही. जी खाली झुकलेली आहे ती कधी ना कधी खालच्या रेषेला गाठणारच, असं मन म्हणतं. पण विचित्र असणं वेगळं आणि विसंगत असणं वेगळं. मघाच्या सिद्धतेत आपल्याला खरी विसंगती सापडली होती, दोन रेषा दोन बिंदूंत मिळत होत्या. इथे कुठे आहे ती? शोधा. सापडत नाही.

युक्लिडलाही सापडली नसावी, कारण त्यानं ती शोधल्याचं दाखवलेलंच नाही. त्यानं सरळ एक गृहीतक मांडून ठेवलं. त्याची भूमितीची गृहीतकं पाच. पहिली चार एका दमात सांगता येतात : दोन बिंदू सरळ रेषेनं जोडता येतात, रेषाखंड वाढवता येतो, कुठलंही केंद्र आणि कुठलीही त्रिज्या घेऊन वर्तुळ काढता येतं, सगळे काटकोन समान असतात. पाचवं असं : एका रेषेनं दोन रेषांना छेदलं असता एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी भरली, तर त्या दोन रेषा वाढवत नेल्यावर त्याच बाजूला एकमेकींना मिळतात. लांबलचक, अटींनी भरलेलं. गृहीतकापेक्षा एखाद्या प्रमेयासारखंच दिसणारं. गंमत पाहा, पहिल्या पुस्तकात ४८ विधानं आहेत आणि त्यांपैकी पहिल्या २८ मध्ये या गृहीतकाला त्यानं हात लावलेला नाही. कर्ज काढावं लागणार हे ठाऊक असलेला, पण अखेरच्या घडीपर्यंत सावकाराच्या दारात न गेलेला गृहस्थ असावा, तसं ते वाटतं. २९वं विधान येतं आणि तो दार ठोठावतो. ते विधान म्हणजेच आपलं दुसरं वाक्य : रेषा समांतर असतील, तर व्युत्क्रम कोन समान असतात.

बरं, उसनं आहे म्हणून ते कमी कामाचं आहे का? उलट, जास्त कामाचं तेच आहे. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसनं पृथ्वीचा परीघ काढला तो याच वाक्यावर. इजिप्तच्या दक्षिणेला सायीन नावाचं गाव होतं, आजचं अस्वान. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी तिथे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पडत नाही. त्याच वेळी उत्तरेला अलेक्झांड्रियात उभ्या काठीची सावली पडते, आणि किरण तिथे काठीशी वर्तुळाच्या एक पन्नासांश, म्हणजे ७.२ अंशांचा कोन करतो. सूर्य इतका दूर आहे की दोन्ही गावांवर येणारे किरण समांतर धरायला हरकत नाही. आता सायीनचा किरण जमिनीतून खाली वाढवला तर तो पृथ्वीच्या केंद्रात जातो. अलेक्झांड्रियातली काठी खाली वाढवली तर तीही केंद्रात जाते. म्हणजे काठीची रेषा ही छेदिका झाली, आणि अलेक्झांड्रियात मोजलेला कोन व केंद्रातला कोन हे व्युत्क्रम कोन झाले. किरण समांतर, म्हणून कोन समान. पृथ्वीच्या पोटात कुणी उतरलं नाही, पण तिथला कोन कळला. दोन गावांमधलं अंतर ५००० स्टेडिया धरलेलं होतं. त्याची पन्नासपट, अडीच लाख स्टेडिया, हा परीघ. कसोटी आपल्याला रेषा काढायला शिकवते. जिथे हात पोहोचत नाही तिथला कोन सांगण्याचं काम मात्र गुणधर्म करतो.

एवढ्या कामाचं वाक्य उसनं असावं, हे विद्वानांना खुपलं तर त्यात नवल नाही. पाचव्या शतकात प्रोक्लस या तत्त्वज्ञानं युक्लिडवर भाष्य लिहिलं. त्याचं म्हणणं, हे गृहीतकांच्या यादीतून काढलंच पाहिजे, हे सिद्ध करण्याजोगं प्रमेय आहे. याच प्रोक्लसनं एक सावधगिरीचा इशाराही दिला होता, आणि तो आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो : जवळ येत जाणं म्हणजे मिळणं असं नाही. अपास्त नावाचा वक्र त्याच्या अनंतस्पर्शी रेषेच्या सतत जवळ येत राहतो आणि तिला कधीच गाठत नाही. वक्राबाबत जे घडतं ते सरळ रेषांबाबत घडणारच नाही, हे दाखवावं लागेल, नुसतं वाटून भागणार नाही. इतकं सांगून तो स्वतः एक सिद्धता देतो, आणि ती चुकते.

ती कशी चुकते, ते पाहण्यासारखं आहे, कारण पुढे सगळ्यांच्या सिद्धता साधारण अशाच चुकल्या. दोन समांतर रेषांमधलं अंतर एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, हे तो धरून चालतो. पण 'न मिळणाऱ्या' रेषांमधलं अंतर मर्यादेत राहतं, हे सांगितलं कुणी? व्याख्येत तर नाही. आता आपल्या शब्दाकडे वळा. सम-अंतर. एका सरळ रेषेपासून सारख्या अंतरावरचे सगळे बिंदू घेतले की त्यांची सरळ रेषाच होते, हे आपण मराठीत बोलतानाच मान्य करून बसतो. आणि हे मान्य करणं म्हणजे पाचवं गृहीतक मान्य करणं, जराही कमी नाही. ज्या गोष्टीवर पुढे इतका खल झाला ती आपल्या मुलांना शब्दाच्या पुडीत बांधून, न विचारता मिळते. शब्द वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. बदलावा असंही नाही. पुडीत काय आहे ते एकदा उघडून दाखवावं, एवढंच.

पुढची नामावळी मोठी आहे. अकराव्या शतकात इब्न अल-हैथम आणि उमर खय्याम, तेराव्यात नसीरुद्दीन तूसी. या तूसीनं केलेल्या युक्लिडच्या अरबी संस्करणावरून अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सवाई जयसिंहाच्या पदरच्या जगन्नाथ सम्राटानं 'रेखागणित' हा संस्कृत ग्रंथ केला, आणि तो विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत संस्कृत ग्रंथमालेतून छापला गेला. इंग्लंडात जॉन वॉलिसनं १६६३ साली एक सिद्धता दिली. तिच्यात आकार तोच ठेवून त्रिकोण हवा तेवढा मोठा करता येतो, हे धरलेलं होतं. १७९५ मध्ये जॉन प्लेफेअरनं गृहीतकालाच सुटसुटीत रूप दिलं : रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा काढता येते. किमान एक समांतर रेषा असते हे कसोटीवरून सिद्ध होतंच. वाद आहे तो 'एकच' या शब्दातल्या 'च'चा.

या 'च'वर काय काय उभं आहे ते त्रिकोणात नीट दिसतं. पुन्हा कागद घ्या. त्रिकोण काढा, शिरोबिंदू अ वर, पाया बक खाली. अ मधून डावीकडे एक रेषा काढा, अशी की बाजू अब शी तिचा कोन बरोबर ब इतका व्हावा. हे व्युत्क्रम कोन झाले. कसोटीनुसार ही रेषा पायाला समांतर. आता अ मधूनच उजवीकडे दुसरी रेषा काढा, बाजू अक शी बरोबर क इतका कोन करणारी. तीही पायाला समांतर. इथपर्यंत काहीही उसनं घेतलेलं नाही. प्रश्न असा : डावीकडची आणि उजवीकडची मिळून एकच सरळ रेषा होते का? अ मधून समांतर रेषा एकच असेल तर होते. मग अ पाशी ब, अ आणि क हे तिन्ही कोन शेजारी शेजारी बसून सरळ कोन भरतात, आणि बेरीज १८० येते. पण समांतर रेषा एकापेक्षा जास्त असतील, तर या दोन वेगळ्या निघू शकतात, त्यांच्यात अ पाशी बाक राहतो, आणि बेरीज १८० पेक्षा कमी भरते. 'त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश' हे शाळेत अगदी अढळ वाटणारं वाक्य इतक्या बारीक खुंटीला टांगलेलं आहे.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी इथे कान टवकारायला हवेत. कांटच्या १७८१ सालच्या 'क्रिटीक ऑफ प्युअर रीझन' या ग्रंथात एक उतारा आहे. त्रिकोणाच्या कोनांबद्दल तत्त्वज्ञाला विचारा, तो संकल्पना चाळत बसेल आणि नवं काही सांगू शकणार नाही. भूमितिज्ञ मात्र एक बाजू वाढवतो, समोरच्या बाजूला समांतर रेषा काढतो आणि उत्तर हाती देतो. अशा आशयाचा तो उतारा. अनुभवाची मदत न घेता मिळणाऱ्या, अनिवार्य अशा ज्ञानाचं हे कांटचं लाडकं उदाहरण. आणि त्याची सगळी भिस्त आपल्या दुसऱ्या वाक्यावर, उसन्यावर!

म्हणून कांट निकालात निघाला, असं काही जण घाईनं सांगतात. आम्हाला ते पटत नाही. भूमितीची सत्यं संश्लेषक आहेत, म्हणजे त्यांच्या नकारात तार्किक विसंगती नसते, हे कांटनंच सांगितलं होतं. आपल्याला मघाशी विसंगती सापडली नाही, ती कांटच्या बाजूची साक्ष आहे. त्याचा जो दावा कोसळला तो दुसरा : आपल्या मनाला अवकाश याखेरीज वेगळ्या प्रकारे कल्पिताच येणार नाही, हा.

तो कोसळवणाऱ्यांत पहिला मान खरं तर सॅकेरीचा असता. हा इटलीतला जेसुइट अध्यापक. युक्लिडला निष्कलंक ठरवण्यासाठी १७३३ मध्ये त्यानं पुस्तक लिहिलं. युक्ती अशी की पाचवं गृहीतक खोटं धरायचं आणि विसंगती निघेपर्यंत पुढे जायचं. तो पुष्कळ पुढे गेला, एकामागून एक प्रमेयं निघत गेली, विसंगती मात्र निघेना. शेवटी हे निष्कर्ष सरळ रेषेच्या स्वभावाच्या विरुद्ध आहेत, असं म्हणून त्यानं ग्रंथ मिटवला. विचित्र आणि विसंगत यांतली जी रेघ आपण मघाशी पाहिली, ती त्यानं ऐन वेळी पुसून टाकली. नवी भूमिती हातात आली होती, आणि ती त्यानं खोटी म्हणून टाकून दिली.

हंगेरीतल्या बोल्याई बापलेकांची हकीकत याहून चटका लावणारी आहे. बाप फार्कश, गाउसचा विद्यार्थिदशेतला मित्र. त्यानं आयुष्यातली उमेदीची वर्षं या गृहीतकापायी घालवली होती. मुलगा यानोशही त्याच नादाला लागला आहे हे कळल्यावर १८२० साली त्यानं काकुळतीला येऊन पत्र लिहिलं, की मी या अंधारातून गेलो आहे, तू जाऊ नकोस. मुलानं ऐकलं नाही. तो सैन्यात अभियंता होता. १८२३ साली त्यानं वडिलांना कळवलं की शून्यातून एक नवं जग उभं केलं आहे. १८३२ मध्ये वडिलांच्याच ग्रंथाला जोडलेलं परिशिष्ट म्हणून ते छापलं गेलं, पंचवीसेक पानांचं. बापानं ते कौतुकानं गाउसला पाठवलं. गाउसचं उत्तर आलं : याची स्तुती केली तर ती माझीच स्तुती होईल, कारण हे विचार माझ्या मनात कैक वर्षांपासून आहेत. गाउस खोटं बोलत नव्हता. त्यानं ते छापलं मात्र नव्हतं. लोक कालवा करतील ही धास्ती होती. आणि तिकडे रशियात, कझानच्या विद्यापीठात, लोबाचेव्हस्कीनं १८२९ मध्येच हीच भूमिती प्रसिद्ध केलेली होती, हेही यानोशला पुढे कळलं. त्यानंतर त्यानं गणितावर काही प्रसिद्ध केलं नाही. मागे हजारो हस्तलिखित पानं ठेवली.

या तिघांनी केलं काय? सॅकेरी जिथे थांबला तिथे ते थांबले नाहीत, इतकंच. एका बिंदूतून खालच्या रेषेला न मिळणाऱ्या अनेक रेषा असू देत, असं म्हणाले आणि पुढे गेले. त्या भूमितीत कसोटी टिकून राहते, व्युत्क्रम कोन समान असतील तर रेषा मिळत नाहीत. गुणधर्म मात्र जातो. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० पेक्षा कमी भरते, आणि त्रिकोण जितका मोठा तितकी तूट जास्त. १८६८ मध्ये बेल्ट्रामी या इटालियन गणितज्ञानं दाखवलं की या भूमितीत विसंगती निघाली तर ती युक्लिडच्या भूमितीतही निघेल. म्हणजे पाचवं गृहीतक उरलेल्या चारांतून सिद्ध होण्याचा मार्गच बंद झाला. अग्नीकडून धुराकडे जायची वाट नाही, हे इतक्या काळानं पक्कं झालं.

एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे : मग कोनमापक घेऊन प्रत्यक्ष मोजावं, वाद कशाला? मोजावं जरूर. पण मोजण्यातही एक विषमता आहे. बेरीज १८० नाही, हे मोजून दाखवता येईल, तूट किंवा वाढ उपकरणाच्या चुकीहून मोठी असली म्हणजे झालं. बेरीज बरोबर १८० आहे, हे मात्र कितीही चांगल्या उपकरणानं दाखवता येणार नाही; चुकीच्या मर्यादेत १८० आहे, एवढंच म्हणता येईल. तूट त्रिकोणाच्या आकाराबरोबर वाढते असं धरलं, तर आपल्या वहीतल्या त्रिकोणात ती दिसण्याची आशाच नको.

पृथ्वीच्या पाठीवर हे उलट्या अंगानं अनुभवाला येतं. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात झाली, त्यात मोठ्या त्रिकोणांच्या कोनांची बेरीज १८० पेक्षा जास्त धरावी लागे. साधारण २०० चौरस किलोमीटरच्या त्रिकोणामागे १ विकला इतकी ही वाढ. मोठं उदाहरण घ्यायचं तर मुंबईचं रेखावृत्त अंदाजे ७३ अंशांचं, नागपूरचं ७९. दोन्ही विषुववृत्ताला काटकोनात छेदतात. विषुववृत्त ही छेदिका मानली, तर संगत कोन ९० आणि ९०, समान. कसोटी म्हणेल, ही रेखावृत्तं कधी मिळणार नाहीत. आणि ती तर उत्तर ध्रुवावर मिळतात. त्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज ९०, ९० आणि ६ मिळून १८६.

मग आपली कमावलेली कसोटीसुद्धा गेली की काय? टाचणीची सिद्धता आठवा. उजवीकडे मिळाल्या तर डावीकडेही मिळतील, असं आपण म्हटलं होतं. इथे नेमकं तसंच घडलं आहे, ही रेखावृत्तं उत्तर ध्रुवावर मिळतात तशी दक्षिण ध्रुवावरही मिळतात. दोन बिंदूंमधून एकच सरळ रेषा जाते, हे जे आपण सहज बोलून गेलो, ते गोलावर खरं नाही. म्हणजे कमाई खरीच होती, पण तिचंही भांडवल कुठून तरी आलेलं होतं.

या गोलाच्या भूमितीकडे पुढच्या वेळी वळू. १८५४ साली ग्योटिंगेनमध्ये रीमाननं दिलेलं व्याख्यान हा विषय असेल. येताना प्रत्येकानं एक संत्रं, दोनतीन रबरबँड आणि एक स्केचपेन आणावं. ऑनलाइन ऐकणाऱ्यांनीही हाताशी ठेवावं, कारण नुसतं ऐकून ते डोळ्यांपुढे उभं राहत नाही.